पडद्यापुरतं दुसरं कार्ड

बाजारात त्याला आडनावाने कुणी ओळखत नसे. कॉम्प्युटरच्या दुकानांच्या त्या अरुंद गल्लीत तो सगळ्यांचा 'एककार्डे' होता. हे नाव शेजारच्या कीबोर्डवाल्याने ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. गेम खेळायला मशीन बनवून घेणारं एखादं गिऱ्हाईक चाचरत विचारायचं, की धूर, फुटणाऱ्या काचा, वाऱ्यावर हलणारे कपडे हे सगळं खऱ्यासारखं दिसावं म्हणून आणखी एक ग्राफिक्स कार्ड टाकलं तर? झालं. एककार्डे हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा आणि सुरू व्हायचा. चित्र काढायला एक कार्ड पुरतं. मग दुसरं कशाला, तर भिंतीला गोळी लागल्यावर चार खपल्या जास्त उडाव्यात म्हणून? त्यासाठी वीज जाळायची, पेटी तापवायची आणि पहिल्या कार्डाचा श्वास कोंडायचा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे त्याचं शेवटचं वाक्य. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि दुसरं कार्ड कीबोर्डवाल्याकडून घ्यायचं.

माणूस वाईट नव्हता. तिरसट होता, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा. ही दोन दुखणी एकाच माणसाला जडली की घरच्यांचे हाल होतात.

त्याचा धाकटा भाऊ टेलर होता. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं दुकान. कापड नुसतं हातावर टाकलं की ते अंगावर कसं पडेल हे त्याला कळायचं. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं परत आलं, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. बोटं अर्धी मिटायची आणि तिथेच थांबायची. दुकानाचं शटर तेव्हापासून खाली होतं. धाकट्याची बायको इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून शिवत आली होती, पण कात्रीला तिने कधी हात लावला नव्हता. कापायचं ते त्यानेच. एकदा भीत भीत तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, माझा हात येऊ दे. तेव्हापासून सगळं घर त्या हाताकडे डोळे लावून बसलं होतं, आणि गिऱ्हाईकं कापडं घेऊन दुसरीकडे जात होती.

तो हात फक्त एका गोष्टीसाठी हलायचा. एक जुना गेम होता. त्यात एक चोर एका ओसाड नाट्यगृहात शिरतो, आणि तिथे जागोजागी मोठमोठे पडदे असतात. चोर जवळून गेला की पडदा सरकायचा, हलायचा, गोळी लागली की फाटून लोंबायचा. धाकटा माऊसवर उजवा हात ठेवून तास तास खेळायचा. व्यायाम करून घेणारी बाई खूश होती. ती म्हणाली होती, निमित्त काही का असेना, बोटं हलू देत.

आणि तिथेच आमच्या एककार्डेंनी शहाणपणा केला. धाकट्याच्या मशीनमधल्या जुन्या कार्डाला मॉनिटरची वायर जिथे लागते ती जागा सैल झाली होती, चित्र मधूनच जायचं. थोरल्याने त्याला नवंकोरं, बाजारात नुकतंच आलेलं कार्ड आणून बसवलं. कौतुकाने बसवलं, कुणी सांगितलं नसताना बसवलं. पण जुन्या गेममध्ये कापड हलवायचं जे गणित असतं, ते करणंच या नव्या कार्डाने सोडून दिलं होतं. सगळा भार प्रोसेसरवर आला. चोर पडद्यापाशी पोचला की चित्र अडकत अडकत चालायचं. थोरल्याने सेटिंगमध्ये जाऊन कापड हलवायचा तो इफेक्टच बंद करून टाकला. गेम सुरळीत पळू लागला.

धाकट्याने एकदा पाहिलं आणि माऊसवरून हात काढला. "हा पडदा नाही, पत्रा आहे," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो त्या खुर्चीवर बसला नाही. व्यायामाच्या बाईलाही आता हात देईना. ती जाताना भावजयीला बाजूला घेऊन सांगून गेली, की हात असाच सोडून दिला तर बोटं आखडतील, मग माझ्याही हातात काही राहणार नाही.

भावजय दुकानात आली. गल्लीत पाऊल ठेवायची तिची ती पहिलीच वेळ. ती काउंटरपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, ते होतं तसं करून द्या. तुम्हाला पटत नसलं तरी द्या."

होतं तसं करायचं, तर एकच वाट होती. चित्र नव्या कार्डाने काढायचं आणि पडदा जुन्या कार्डाने हलवायचा. म्हणजे एका पेटीत दोन कार्डं. कीबोर्डवाला कान टवकारून ऐकत होता. थोरल्याने कपाटातून धाकट्याचं जुनं कार्ड काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि चोरून नेल्यासारखं पिशवीत टाकलं.

सुट्टीच्या दिवशी तो भावाकडे गेला. धाकटा खिडकीकडे तोंड करून बसला होता, त्याने वळूनही पाहिलं नाही. थोरल्याने पेटी जमिनीवर आडवी केली. जुनं कार्ड खालच्या खाचेत बसलं, पण दोन कार्डांच्या मध्ये बोटभर जागा उरली. वरच्या कार्डाचा पंखा हवा घेणार कुठून? पॉवर सप्लायची ताकद जेमतेम पुरणारी. जुन्या कार्डाला वीज द्यायला आणखी एक वायर हवी होती, ती त्याने दुकानाच्या ड्रॉवरमधून आणली होती. वायर खटकन बसली. त्याने पेटी उभी केली आणि बटणाकडे हात नेला.

"दादा," भावजय दारातून म्हणाली, "या मशीनच्या उरलेल्या वायरी मी पिशवीत घालून ठेवल्या होत्या. त्या लागतील का?"

थोरल्याचा हात जागीच थिजला. त्याने आणलेली वायर दुसऱ्याच कंपनीची होती. एका कंपनीच्या पॉवर सप्लायची वायर दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला बसते, छान बसते, पण आतली जोडणी निराळी असते. बटण दाबलं की कार्डाची राख. गल्लीतल्या प्रत्येक नव्या कारागिराला त्याने हे बजावून सांगितलं होतं, एकाला तर त्यावरून रडवलंही होतं. आणि आज स्वतःच्या भावाचा खेळ तो जाळायला निघाला होता. त्याने वायर उपसली. भावजयीच्या पिशवीतली वायर लावताना कपाळावरचा घाम कार्डावर टपकू नये म्हणून तो मान वाकडी करून काम करत होता.

मशीन सुरू झालं. स्क्रीन काळी. पंखे घरघरत होते आणि स्क्रीन काळीच. भावजयीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग चित्र आलं. थोरल्याने सेटिंग उघडलं, कापडाचं काम जुन्या कार्डावर सोपवलं, गेम लावला आणि म्हणाला, "ये."

धाकटा आला नाही. थोरल्याने पुन्हा हाक मारली नाही. तो बाजूला सरकून उभा राहिला. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसत होतं, आकडा चढत होता, आणि तो थांबला नाही तर मशीन आपणहून बंद पडणार हे त्याला माहीत होतं.

बऱ्याच वेळाने खुर्ची सरकली. धाकटा येऊन बसला. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याने माऊसवर ठेवला. चोर हळूहळू चालू लागला, वळताना भिंतीला धडकला, परत सावरला. नाट्यगृहाचं दार उघडलं. पडदा झुळकीने फुगला, चुण्या एकमेकींत मिसळल्या आणि पुन्हा सुट्या झाल्या. तापमानाचा आकडा एकदाचा थांबला.

थोरल्याला राहवलं नाही. "बघ, बोटं चालतायत. आता रोज बसायचं. हात आला की शटर उघडू."

"हात येणार नाही, दादा."

"असं बोलू नको."

"मी नाही बोलत. डॉक्टर बोलले. मागच्या खेपेला तुम्ही बाहेर बसला होता तेव्हा." त्याची नजर पडद्यावरच होती. "ताट-वाटी धरता येईल एवढा येईल. कात्रीचा हात गेला तो गेला. मी इथे व्यायामाला बसत नव्हतो. मी कापड बघायला बसत होतो. दुसरीकडे कुठे बघू? कपाट उघडून खरं कापड हातात घ्यायची हिंमत होत नव्हती."

थोरल्याला वाटलं, आपण वर्षभर या माणसाला रोज एकच प्रश्न विचारत आलो, बोटं कशी आहेत, आणि त्यात आपण त्याची चौकशी करतोय असं समजत आलो. त्याला स्वतःची लाज वाटली.

भावजय दारातच उभी होती. धाकट्याने तिला खूण करून जवळ बोलावलं आणि खुर्चीवरून उठला. उठायला त्याला वेळ लागला, कुणी हात दिला नाही.

"बस इथे," तो म्हणाला. "उद्या शटर उघड. कात्री तू चालव, मी शेजारी बसून सांगेन."

"मला नाही जमणार. वाकडं कापेन मी."

"पहिलं सगळ्यांचंच वाकडं जातं. बस."

ती बसली. माऊसवर हात ठेवला, पण मान वळवून ती त्याच्या लोंबत्या उजव्या हाताकडेच बघत राहिली, गेलं वर्षभर बघत होती तशी.

"हाताकडे नको बघू," धाकटा म्हणाला. "कापडाकडे बघ."