दोन इंच फट

आमच्या कामात किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. डिसेंबरात थंडी पडली की फोन सुरू होतात, आणि प्रत्येक फोनमागे एक किस्सा असतो. मैत्रिणी म्हणतात, मजा आहे तुझी. मजा कसली? डोकं फिरतं!

मी नाशिकमध्ये उतरत्या छपराखालच्या माळ्यांना आतून अस्तर लावून देते. वर पत्रा, त्याखाली ग्लासवूल म्हणजे काचतंतूंचा कापूस, मग वाफ अडवायला एकसंध प्लास्टिक आणि शेवटी फळ्या. उन्हाळ्यात माळा तापत नाही, थंडीत गारठत नाही. पथ्य एकच. पत्रा आणि ग्लासवूल यांच्यामध्ये दोन इंच फट ठेवायची, आणि ती खाली वळचणीला व वर आढ्याला उघडी ठेवायची. घरातली वाफ चुकून वर गेलीच, तर तिथल्या वाऱ्यानं निघून जाते. फट बुजवली की वाफेचं गार पत्र्यावर पाणी होतं आणि ते थेट गादीवर टपकतं.

टपकलं की वाफेला कुणी नावं ठेवत नाही. म्हणतात, बाईचं काम गळलं. बारा वर्षं राबून मिळवलेलं नाव एका थेंबात जातं, याचा मला फार संताप येतो.

* * *

माझ्याबरोबर दगूमिस्त्री असतात. मूळचे चांदवडकडचे, साठीचे, कमी बोलणारे.

गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मी मालकाला तासभर ही फट समजावली. कागदावर चित्र काढलं. तो मान डोलवत होता. सगळं झाल्यावर माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "काय मिस्त्री, मॅडम सांगतात ते खरं का?"

दगूमिस्त्री पट्टी गुंडाळत म्हणाले, "मला काय माहीत? मी यांच्याकडूनच शिकलो."

काम मिळालं. पण घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

* * *

दुसरे एक काका ओझरला विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना सगळं मिलिमीटरमध्ये लागायचं. आमची फट त्यांनी स्वतः स्केल लावून मोजली. मी खूश झाले. म्हटलं, चला, एक तरी जाणकार भेटला.

जानेवारीत त्यांचा फोन, "मॅडम, गळतंय." जाऊन बघते तर वळचणीला आणि आढ्याला सिलिकॉन भरून फटीची दोन्ही तोंडं बंद! आणि काय सुबक भरलं होतं म्हणता.

"काका, हे काय केलंत?"

"आम्ही तीस वर्षं विमानं जोडली. एक फट कधी सोडली नाही."

"काका, विमानात रोज सकाळी चार बादल्या कढत पाण्यानं कोणी आंघोळ करतं का?"

सिलिकॉन खरवडायला आम्हाला तीन दिवस लागले.

* * *

एका इंटिरियरवाल्यानं तर कहर केला. आम्ही प्लास्टिकचा प्रत्येक जोड टेप लावून बंद केला होता. आमच्यानंतर त्यानं उतरत्या छतात प्लास्टिकसकट साठ भोकं पाडून साठ छोटे दिवे बसवले. क्लायंटला झोपल्यावर चांदणं दिसायला हवं होतं म्हणे.

चांदणं दिसलं. थंडीत पहाटे दवही पडलं. आणि फोन कोणाला आला? मला.

* * *

चांदवडजवळच्या एका बागायतदारावरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. त्यांची कांद्याची चाळ बघण्यासारखी. जमिनीपासून उचललेली, खालून वारा, बाजूनं वारा, वरून वारा. मी घराची फट समजावायला लागले तर हसले. "मॅडम, वाऱ्याचं मला नका सांगू. आमचा कांदा सहा महिने टिकतो."

पुढच्या हिवाळ्यात बघते तर घराची फट उंदीर येतात म्हणून सिमेंटनं लिंपलेली. माळ्यावर मुलगा आणि सून झोपायचे. सुनेनं गोधड्या उलगडून दाखवल्या, सगळ्यांना काळी बुरशी. ती सारखी खोकत होती. म्हणाली, "मी दिवाळीपासून सांगते. घरात कोणी ऐकत नाय."

मी सासऱ्यांना विचारलं, "चाळीत उंदीर येत नाहीत का?"

"येतात की. पण चाळ बंद करून कसं चालंल? कांदा सडंल ना."

दगूमिस्त्री त्यांच्याच भागातले. इतक्या वर्षांत मी त्यांना गिऱ्हाइकावर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "आबा, मंग सुनंला चाळीत झोपवा. तिथं तरी जगंल."

सिमेंट त्यांनीच फोडलं, विचारायला न थांबता.

* * *

सगळेच तसे नसतात. सिडकोतल्या एका आजींनी तुझं काम गळतंय म्हणून बोलावलं, तर त्यांनीच बंद माळ्यावर दोऱ्या बांधून घरभराचे कपडे वाळत घातले होते. मी विचारलं, "आजी, या कपड्यांतलं पाणी कुठं जातं?"

"वाळतं."

"वाळून कुठं जातं?"

आजींनी वर पाहिलं. मग साड्या काढायला लागल्या. जाताना मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "तुला उगाच बोल लावला गं."

बारा वर्षांत असं म्हणणाऱ्या त्या एकट्या.

* * *

आणि म्हसरूळचे एक गृहस्थ. त्यांनी मला फोनसुद्धा केला नाही. ओल्या छताचा फोटो थेट कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली माझं नाव लिहिलं. "लेडीज कॉन्ट्रॅक्टर, सावधान." त्याच कॉलनीत माझी तीन कामं ठरलेली होती. संध्याकाळपर्यंत तिन्ही रद्द. मी रडले, खोटं कशाला सांगू? मग डोळे धुतले आणि त्या तीन घरांपैकी एकाला सांगून ग्रुपवर टाकलं, उद्या सकाळी दहाला सगळ्यांसमोर छत उघडते. ज्याला बघायचंय त्यानं यावं.

पंधरावीस जण आले. ती तीन घरंही आली. दगूमिस्त्रींनी शिडी लावली, स्वयंपाकघराच्या बाजूची फळी काढली. फळीमागून पिवळट तेलकट पाणी ओघळलं. मिस्त्रींनी बोटावर घेऊन वास घेतला.

"मॅडम, याला फोडणीचा वास येतोय."

त्यांनी बॅटरी आत मारली. ग्लासवूल कापून एक जाड चंदेरी पाइप आमच्या फटीत सोडला होता. स्वयंपाकघरातल्या नव्या चिमणीचा. रोजची सगळी वाफ, सगळा धूर सरळ त्या फटीत.

गृहस्थ म्हणाले, "स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला भोक पाडू नका, असं वास्तुवाल्यानं सांगितलं होतं. आणि वर जागा रिकामीच होती."

मी म्हटलं, "आता ग्रुपवर लिहा. सगळे आहेत तोवर लिहा."

त्यांनी मोबाइल काढला. बराच वेळ टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं,

"पण मॅडम, फट तुम्हीच ठेवली होती ना?"