गाडीला लावलेली टिकली

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण उमर ट्रॅक्टरवर गेली. अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस ओढला. म्हणून इंजिनाबद्दल कुणी मला शिकवलेलं खपत न्हाई.

बियाण्याच्या कंपनीतल्या एका साहेबाची वापरलेली डिझेल कार मी घेतली होती. उन्हाळ्यात तिच्या स्टेअरिंगपुढच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. मी कान लावून आवाज ऐकला. आवाज बराबर होता. म्हणजे दिवाच खोटा. कारभारणीच्या आरशावरची मोठी टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली. रोग गेला.

मग धावड्याहून मेव्हण्याचा निरोप आला, रविवारी नातवाचं जावळ. मेव्हणा लई टोचून बोलणारा. मागल्या खेपेला त्यानं चार पाहुण्यांत इचारलं होतं, "दाजी, या वयात गाडी तुम्ही चालवता की गाडी तुम्हाला?" तेव्हाच ठरवलं, त्याच्या बहिणीला त्याच्या दारात नेईन तर याच गाडीत, मीच चालवत.

शनिवारी आम्ही दोघं बाळाला अंगडं-टोपडं घ्यायला नदीपल्याड नवीन जालन्यात निघालो. पुलावर चढताना गाडी दमली. मागं काळा धूर. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला, आणि वरून वळून बघितलं त्यानं. कारभारणीची नजर काट्यांवर गेली.

"आवं, ही माझी टिकली हाय."

तिनं नखानं टिकली उपटली. खाली दिवा तसाच जळत होता.

"हा इजला तर उद्या गाडीत बसते. न्हाई तर मी एसटीनं जाते." वाया जाऊ नये म्हणून टिकली तिनं मनगटावर चिकटवली.

मंग स्टेशनाजवळच्या उस्तादाकडं गेलो. माझ्या ट्रॅक्टरपासून ओळखीचा मेकॅनिक. त्यानं स्टेअरिंगखाली हातातल्या मशीनची वायर जोडली.

"मशीन राहू दे," मी म्हणालो. "डिझेलमधी कचरा हाय."

"काका, तुम्ही लई बोलले. आता गाडीला बी जरा बोलू द्या."

मशीनवर कोड आला. पी शून्य एक शून्य एक, असा त्यानं वाचला. "इंजिनला हवा कमी जाऊन राह्यली. हवा मोजणारा सेन्सर गेला, न्हाई तर वाटेत काही अडकलंय. पहिले हवेचा फिल्टर खोलतो."

"फिल्टर मी स्वतः बघितलाय."

"मंग तर खोललाच पाहिजे."

फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा निघाल्या. आत फिल्टरवर चौपदरी कापड, धुळीनं काळं. किनार तेवढी अजून हिरवी. ट्रॅक्टरच्या हवेच्या तोंडाला धुळीसाठी आम्ही सगळेच कापड बांधायचो. कार बी श्वास घेतेच की, म्हणून मीच घातलं होतं.

कारभारणीनं किनार ओळखली. "भावानं भाऊबीजेला घेतलेलं लुगडं. मी घरभर धुंडून राह्यले."

"फाटकं होतं ते."

"तुम्ही फाडल्यावर फाटलं." मग गाडीकडं बघून म्हणाली, "हिला टिकली झाली, लुगडं झालं. आता मंगळसूत्र तेवढं घाला, म्हणजे मी सुटले."

उस्तादानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

त्यानं नवीन फिल्टर टाकला, सेन्सर साफ केला, मशीनवर कोड पुसला. दिवा इजला. "काका, आता आत काही घालू नका. ही ट्रॅक्टर न्हाई." मी मान हलवली. हो म्हणून की न्हाई म्हणून, ते मी उघड केलं न्हाई.

कारभारीण मला ओळखून होती. "उद्या बसते," ती म्हणाली. "पण परत काही कोंबलं, तर एसटी हायच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. धावड्याच्या वाटेची धूळ मला ठाऊक होती. माझ्याच जुन्या धोतराचा तुकडा फाडला, चौपदरी केला आणि बॉनेट उघडलं.

"हातात काय हाय?" ती दारात पिशवी घेऊन उभी.

"काच पुसायचं फडकं."

ती तिथून हलली न्हाई. मी बॉनेट लावलं आणि गाडीच्या सगळ्या काचा पुसल्या.