स्प्रिंग दाबायला दुसरं माणूस

सुई ओवताना ताई दोन्ही डोळे उघडे ठेवते. दोरा कधी दातानं तोडत नाही. दाराला कडी लावली की एकदा ओढून बघते. रायफल उघडायच्या आधी ती हात साबणानं धुवायची आणि टेबलावर जुनी चादर चौपदरी घालायची, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून. काढलेला भाग काढलेल्या क्रमानं मांडायची. मध्ये मी तोंड उघडलं की म्हणायची, "गप गं, एखादा स्क्रू तुझ्या गप्पांत हरवेल."

मी तिच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. खाली ती आणि तिचा थोरला भाऊ, दादा. तो टायरच्या दुकानात कामाला. ती गणवेशांच्या कारखान्यात कॉलर लावते. फक्त कॉलर. बाह्या दुसरीकडे, बटणं तिसरीकडे. पूर्ण शर्ट तिनं कधी शिवलाच नाही.

छऱ्यांची एअर रायफल त्यांच्या वडिलांची. ते गेल्यावर ती ताईकडे आली. रायफलच्या पोटात एक जाड स्प्रिंग असते. रायफल जोडताना एकानं अंगाचा भार टाकून ती दाबून धरायची, दुसऱ्यानं आडवी पिन घालायची. वडील असल्यापासून दाबायचा दादा, पिन घालायची ताई.

यंदा परगावच्या एका निवासी शाळेला नेमबाजी शिकवायला बाई हवी होती. चाचणी शनिवारी, स्वतःची रायफल घेऊन. ताईला कॉलरींतून सुटायचं होतं. सोमवारी तिनं रायफल उघडली, थकलेली स्प्रिंग काढली, नवी आणली, वंगण लावलं. राहिलं फक्त दाबणं.

"दादा, पाच मिनिटं येतोस?"

"उद्या. आज कंबर धरलीय."

दुसऱ्या दिवशी त्याला भूक लागली होती. तिसऱ्या दिवशी झोप आली होती.

मी म्हटलं, "ताई, मी दाबते ना."

तिनं माझ्या मनगटांकडे बघितलं. "तू आपल्या कविता दाब. मध्येच हात सुटला तर स्प्रिंग कुणाचं ऐकत नाही."

गुरुवारी जिन्यात दादा भेटला. मी विचारलं, खरंच कंबर दुखतेय का. तो हसला.

"दुकानात जॅक आहे, घरी मी आहे. लहानपणापासून दाबतोय. घाम माझा, निशाणा हिचा. बाबा पाठ कुणाची थोपटायचे? हिची. आता मास्तरीण व्हायचंय बाईसाहेबांना. होऊ दे की! मग माझ्या दोन वेळच्या जेवणाचं काय?"

साहित्यात पदवी घेतलेली मी, "असं नसतं हो," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी दुपारी ताईनं एकटीनंच जोडायला घेतलं. नळीचं टोक भिंतीला टेकवलं, स्प्रिंग छातीनं दाबली. पिन अर्धी गेली आणि स्प्रिंग निसटली. मी खाली धावले तेव्हा ती उजवा हात काखेत धरून उभी होती. "बघ ना, कुठे लागलंय. मला बघवत नाही." चाप ओढायचं बोट मोडलं होतं.

शनिवार गेला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

रविवारी सकाळी दादा आपणहून आला. बाह्या सरसावलेल्या.

"चल, देतो दाबून. उगाच तोंड पाडून बसू नकोस. रायफल काय पळून चाललीय?"

ताईनं पिन उचलली. तो गुडघ्यांवर बसला, सगळा भार टाकला. स्प्रिंग आत गेली. पिनेची भोकं समोरासमोर आली.

"घाल."

पिन तिच्या डाव्या हातात होती. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"अगं घाल की! हात भरून आले."

त्याची मान लाल झाली. कपाळावरचा घाम नाकावर आला. त्याला पुसता येईना, सोडताही येईना.

"ए बाई, चेष्टा करतेस का? घाल!"

ताईनं पिन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि दूध उतू जातंय का ते बघायला आत गेली. दूध तापत ठेवलेलंच नव्हतं. मला माहीत होतं.

दादानं शिव्या देत, कण्हत, हळूहळू भार काढून घेतला. मी दारात उभी. पिन मलाही घालता आली असती. मी हलले नाही.

प्लास्टर निघालं. ताई कॉलर लावते. बोट पूर्ण वाकत नाही, कात्री अंगठ्यावर पेलते. दादा अधूनमधून विचारतो, "दाबू का?" ती भाजी चिरत राहते. रायफल टेबलावर तशीच उघडी आहे.