वेदीमागच्या मोरीचं पाणी

क्रॉकेट घराण्यातली आता दोनच माणसं उरली होती, आणि त्या दोघांत बोलणं नव्हतं. धाकटी अर्डिस सार्डिनच्या कारखान्यात डब्यांत मासे भरून म्हातारी झालेली, थोरला एल्डन होड्या बांधून. सेंट बार्नबस चर्चात लिडिया फार्नहॅम ही पहिली स्त्री-पाळक आली, त्याच रविवारी एल्डन भर प्रार्थनेतून उठला. "बाईच्या हातचं प्रभुभोजन मी मेलो तरी घेणार नाही," म्हणाला आणि टोपी डोक्यावर चढवून चालता झाला. अर्डिस जागची हलली नाही. वर पुढच्या आठवड्यात तिनं त्या बाईंच्या झग्याला इस्त्री करून दिली. झालं! वीस वर्षं उलटून गेली, तरी बहीण रस्त्यात दिसली की हा गृहस्थ आभाळात ढग शोधायचा. चर्चच्या टेकडीला लागूनच त्याचं घर होतं, म्हणजे ढग शोधायची पाळी रोजचीच. अर्डिसला आतून तुटायचं. आपल्यातलं एक जण असंच न बोलता जाणार, ही धास्ती तिला झोपू देत नसे.

चर्चचा वर्धापनदिन आला तेव्हा इतिहास लिहायचं काम अर्डिसच्या गळ्यात पडलं. वेदीची सगळी व्यवस्था तीच बघायची, तेव्हा दुसरं कोण लिहिणार? पहिल्या प्रार्थना शिडं शिवायच्या माडीवर झाल्या, चर्चची घंटा एका फुटलेल्या गलबतावरची आहे, हे सगळं तिनं झरझर लिहून काढलं. अडली ती मोरीपाशी. प्रभुभोजनाच्या प्याल्यात येशूचं रक्त मानलेला द्राक्षारस असतो, म्हणून तो प्याला विसळलेलं पाणी गटारात सोडायचं नाही, ही या मंडळींची रीत. त्यासाठी वेदीमागच्या खोलीत एक दगडी मोरी आहे, तिचा पाइप थेट मातीत जातो. "थेट मातीत" असं तिला आधी वेदीची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस पिंकहॅमनं सांगितलं होतं, मिसेस पिंकहॅमला तिच्या आईनं. पण मातीत म्हणजे नेमकं कुठे? इतक्या पिढ्यांत एकीलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. अर्डिसच्या डोक्यात मात्र तो भुंगा शिरला तो शिरलाच.

चर्चच्या शनिवारच्या जेवणावळीत बिटाच्या लोणच्याचं लालभडक पाणी बादलीभर उरलं, आणि तिला युक्ती सुचली.

"मी बाहेर बघत फिरते, तुम्ही आतून ओता," ती लिडियाबाईंना म्हणाली.

"अहो, पण त्या मोरीत लोणचं? चालतं का?"

"लोणचं नाही, लोणच्याचं पाणी. आणि बिशपना कोण सांगायला जातंय?"

बाई हसत आत गेल्या. अर्डिसनं चर्चला चक्कर मारली. भिंतीशी काही नाही, स्मशानाच्या बाजूला काही नाही. मग ती काठी टेकत उतारावर निघाली, आणि खालच्या दगडी बांधाशी थबकली. बांधाच्या फटीतून लाल धार लागली होती. ती सरळ एल्डनच्या रूबार्बच्या वाफ्यात उतरत होती. तोच रूबार्ब, ज्याच्या आंबट दांड्यांना दरवर्षी जत्रेत बक्षीस मिळायचं आणि ज्याचं सारण भरलेली गोड पेस्ट्री एल्डन स्वतःच्या हातानं भाजून चवीनं खायचा.

अर्डिसला आधी हसू आलं, मग घाम फुटला. याला कळलं तर हा अख्खा वाफा उपटून फेकेल आणि मरेपर्यंत आपलं तोंड बघणार नाही. गुपचूप माघारी वळावं म्हणून तिनं पाऊल उचललं, तर बांधापलीकडे खुरपं घेऊन एल्डनच उभा.

"हे काय लाल?" तो धारेकडे बघत म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

खोटं तिच्या तोंडी आलं नाही. "बिटाचं पाणी आहे. वेदीमागच्या मोरीतून येतंय."

"म्हणजे प्याला धुतात ती?"

"तीच."

एल्डननं खुरप्याच्या टोकानं लाल झालेली माती उकरली. "त्या बाई आल्यावरसुद्धा इथंच येत होतं?"

"दर रविवारी. नाताळात, ईस्टरला जरा जास्तच."

"आणि मी हे खातोय."

"चांगला मिटक्या मारत खातोयस, गावभर ऐकते मी."

बोलून गेली आणि अर्डिसनं जीभ चावली. एल्डनचे कान तांबडे झाले. त्यानं वाकून एक दांडी मोडली, उलटसुलट करून पाहिली. आता भिरकावतो, असं तिला वाटलं. त्यानं ती पँटला पुसली आणि कचकन चावली.

"हे तू त्या इतिहासात घालणार असशील."

"घालू का?"

"घाल. पण एल्डन क्रॉकेट चर्चात परत आला, असलं काही लिहिलंस तर बघ."

"तू कुठे आलास? चर्चच येत होतं तुझ्याकडे, तेवढंच लिहिते."

 एल्डननं तोंडातलं चावून संपवलं, खुरपं बांधाला टेकवलं आणि फाटकाची कडी काढली.

"आत ये, अर्डी," तो म्हणाला. "उभी काय राहिलीस परक्यासारखी?"