झाडाला किती लागली

सगळ्यात आधी आमची शेजारीण कमलाबाईच आली. हिंगण्याच्या आमच्या गल्लीत जीप थांबली की तिला वाटते, लस टोचणारे आले. "दार लाव वं आजी," म्हणाली. तिच्या मागून सरकारी संशोधन शेतावरचे दोन साहेब आले. त्याच शेतावर वांग्याच्या जाती काढणाऱ्या वासुदेवराव साहेबांना साठ वर्षं पूर्ण होतात, त्यांच्यावर पुस्तक निघते आहे, तुम्हीही लिहा म्हणाले. मी दुसरीपर्यंत शिकलेली. पण इतका आनंद झाला की हो म्हणून बसले.

साहेबही पहिल्यांदा असेच जीपमधून उतरले होते, वीसेक वर्षांपूर्वी. माझ्या परसातली काटेरी वांगी त्यांना पाहायची होती. मी सगळ्यात मोठं वांगं पुढे केलं. साहेब म्हणाले, "एक फळ नका दाखवू बाई. झाडाले किती लागली ते सांगा." मला कुठून माहीत? मग स्वतःच उकिडवे बसून त्यांनी मोजली. मोठं फळ नुसतं मिरवते. फांद्या जास्त, फूल लवकर आणि झुबक्यात तीन-तीन फळं, असं झाड टोपली भरते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे त्यांनी मला शेतावर मोजणीला लावलं. लिहिण्यात माझा हात चालत नसे. पाच वांग्यांमागे तुरीचा एक दाणा पदराच्या गाठीत टाकायची. बाया हसत. साहेब मात्र माझे दाणे मोजूनच वहीत आकडा लिहीत.

एकदा मी मोठी चूक केली. साहेबांनी दोन जातींचा संकर केला होता. दुसरा पराग लागू नये म्हणून कळ्यांवर कागदी पिशव्या बांधल्या होत्या. मला वाटलं, उन्हात कळ्या गुदमरून राहिल्या. दोन ओळींच्या पिशव्या काढून टाकल्या. साहेबांचा हंगाम वाया गेला. "काहून काढल्या?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. पुढच्या वर्षी सगळ्या पिशव्या माझ्याच हाती दिल्या. म्हणाले, "आता तुमच्याएवढं कोणी जपणार नाही."

माझे मालक वारले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. साहेब एकटेच परसात गेले, झाडापाशी बसले. आत येऊन म्हणाले, "बावीस." मुलगा नोकरीपायी खापरखेड्याला राहतो. घरात मी एकटी. साहेब महिन्यातून एकदा यायचे. दारातूनच विचारायचे, "किती?"

निवृत्त झाले, गुडघे धरले, दोन वर्षांत येणं झालं नाही. मी अजून रोज मोजते. आकडा सांगायला माणूस नाही. कमलाबाई म्हणते, "आकडा नको सांगू, भाजी दे." नातीला पत्रात कळवला, तर तिचं उत्तर आलं, आजी, तुझं गणित छान आहे.

साहेबांचे गुडघे बरे होवोत, कळीवरची बारीक लव दिसेल इतकी नजर शाबूत राहो, आणि पुष्कळ हंगाम त्यांच्या हातून निघोत.

सध्या झाडाला सत्तावीस आहेत. फळं ठेवली की पुढची फुलं कमी धरतात, हे साहेबांनीच शिकवलं. तरी मी एकही तोडलेलं नाही. येत्या रविवारी साहेबांना जीपमध्ये बसवून आणतो, असं शेतावरचे ते दोघं सांगून गेले आहेत.