कोरीव म्हणून खपवलेलं

माझ्या मावशीच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असतो कसला, तो तिथे घर करून राहिलाय. कारखान्यात तिला सगळे 'बाई' म्हणतात, मालकसुद्धा. पाठीमागे म्हणतात 'कीसबाई', कारण ती यंत्रावर ॲल्युमिनियमचा कीस काढते आणि जेवणाच्या सुट्टीत माणसांच्या बोलण्याचा. मी तिथेच माल खोक्यांत भरायचे, त्यामुळे दोन्ही कीस मला रोज बघायला मिळायचे.

आमच्याकडे गाडीचे हात बनायचे. पुढचं चाक ज्या दांड्याने गाडीला धरून ठेवलेलं असतं, त्याला आम्ही हात म्हणतो. मावशी तो ॲल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून कोरून काढायची. निम्म्याहून जास्त ठोकळा कीस होऊन खाली पडतो, म्हणून तो महाग. पण सडपातळ असूनही भक्कम. गिऱ्हाईकं फोनवर विचारायची, "बाईंच्या हातचाच हात आहे ना?"

तिचा नवरा, म्हणजे माझे काका, स्वतःच्या भट्टीत ओतकाम करतात. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, निवलं, की हात तयार. स्वस्त, पण जाडजूड. लग्न झाल्यापासून या दोघांचं एकच भांडण चालू आहे. "तुमचं ओतीव म्हणजे आतून नुसती भोकं," असं ती म्हणणार. "आणि तुझं कोरीव म्हणजे निम्मा माल केरात! माझ्या ओतीव हातांवर लोकांच्या गाड्या धावतातच ना?" असं ते म्हणणार. सगळेच नवरा-बायको याच विषयावर भांडतात, असं मला लहानपणी वाटायचं.

मध्ये मावशी दाढ काढायला म्हणून रजेवर गेली. परत आली ती गाल सुजवून, म्हणजे आधीच पेटलेली. यंत्राखालच्या ट्रेमध्ये तिने हात घातला आणि मूठ उघडून बघितली. भरीव ठोकळ्याचा कीस लांब निघतो, वेटोळी होऊन पडतो. ट्रेमध्ये नुसता भुगा होता.

"हे ओतीव आहे," ती म्हणाली. "माझ्या यंत्रावर ओतीव कोणी चढवलं?"

मालकानेच चढवायला लावलं होतं. काकांकडून जाड ओतीव हात विकत आणायचे, यंत्रावर चारी बाजूंनी छिलून बारीक करायचे, वर कटरच्या रेघा उमटल्या की कोरीव म्हणून खपवायचे. एक लॉट गेलासुद्धा. दुसरा मावशीपुढे ठेवून मालक गोडीत म्हणाला, "बाई, आकार तोच, रेघा त्याच. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! मी काय मेलेय?"

त्या संध्याकाळी तिने घरात पाऊल टाकलं ते काकांवर तुटून पडतच. "तुमचा माल माझ्या नावावर विकतायत, आणि तुम्ही खुशाल देताय!"

काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ओतीव म्हणून दिलं होतं, ओतीवाच्याच भावात. पण 'छिलून' हा शब्द ऐकला आणि ते ताडकन उठले.

"छिलले? अगं, ओतीवाचा सगळा जीव वरच्या कातडीत! ती सोलली की आतली भोकं उघडी पडली. मी हात जाड ठेवतो ते काय हौस म्हणून?"

काकांना इतकं तापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा दोघं एका बाजूने ओरडत होती. आणि खरं सांगते, त्या मालकाचा मला आजही संताप येतो. एकाच्या कामाची कातडी सोलायची, दुसरीच्या नावावर ते विकायचं, आणि वर विचारायचं कोणाला कळतंय! मेल्या, चाक निखळलं की ज्याला कळेल त्याला सांगायला तोंड तरी उरेल का?

दुसऱ्या दिवशी मावशीने तो लॉट निमूटपणे यंत्रावर चढवला. मालक खूश. दुपारी तो बघायला आला आणि आ वासून उभा राहिला. मावशीने एकही हात छिलला नव्हता. फक्त प्रत्येकावर, घासून जाणार नाही इतक्या खोल, मोठ्या अक्षरांत कोरलं होतं: ओतीव.

"हे काय करून ठेवलंत?"

"तुम्हाला कोरीव हवं होतं ना? तेवढं कोरीव आहे."

त्याने तिला दार दाखवलं. ती दाराकडेच निघाली होती. मी हातातलं खोकं तिथेच टाकलं आणि तिच्या मागोमाग बाहेर पडले.

राहिला तो गेलेला लॉट. गिऱ्हाईकं ठरलेली, त्यांचे नंबर माझ्या फोनमध्ये. मावशी एकेकाला फोन करू लागली. गाडीचे पुढचे हात उतरवा म्हणून सांगू लागली. कोणी मुकाट ऐकलं. कोणी म्हणालं, दुसऱ्या कारखान्याने पढवलंय का तुम्हाला? शेवटच्या माणसाने फोन उचलला तेव्हा मागे पोरांचा दंगा आणि गाडीचा आवाज येत होता.

"ते हात ओतीव आहेत, वरून सोललेले," मावशी म्हणाली. "तुटतील."

तो हसला. "उगाच घाबरवू नका हो. ते त्या कारखान्यातल्या बाईंच्या हातचे आहेत. त्यांचं काम तुटत नाही. त्याच भरवशावर तर पोरांना घेऊन घाट उतरतोय."

मावशीच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाणी पाहिलं.

"अरे मेल्या, तीच बाई बोलतेय!" ती किंचाळली. "गाडी थांबव आधी!"