काका, सळी अर्धी फिरवा ना

मंडळी, आज जव्हारला माझ्या लेथवर सूर्यमाळची एक मुलगी वडिलांसोबत एअर रायफल घेऊन आली. उद्या ठाण्यात तिची नेमबाजीची स्पर्धा. रायफलीच्या तोंडाला नुकतीच एक जोडनळी, म्हणजे नळी लांबवणारा तुकडा, बसवलेली, आणि छर्रा तिला आतून घासतोय अशी शंका.

मी स्वतःच शिकलेला माणूस, पण पद्धत पक्की. रायफल रिकामी आहे ना, ते आधी पाहिलं. मग रायफलीच्या नळीच्या मापाची स्वस्तातली पोलादी सळी आरपार घातली. जोडनळीच्या तोंडाशी सळी चक्क डावीकडे सरकलेली!

"जोडनळी तिरकी आहे. आतून कापावी लागेल," मी सांगून टाकलं.

वडील म्हणाले, "कापा भाऊ, पण रायफल क्लबची हाये. बिघडली तं हिचा खेळ खलास."

मी लेथकडे वळलो, तोच मुलगी म्हणाली, "काका, सळी अर्धी फिरवा ना."

जागच्या जागी अर्धा फेरा फिरवली, तर सळीचं टोक उजवीकडे! जोडनळी तिरकी असती तर ते डावीकडेच राहिलं असतं. म्हणजे जोडनळी सरळ होती, माझी सळीच वाकडी होती. दुसरी सळी काचेवर लोळवून, सरळ असल्याची खात्री करून घातली. बरोब्बर मध्यात!

"आधी का नाही बोललीस गं?"

"तुम्ही रागावाल वाटलं."

पोरी, तरीही बोललीस, त्याबद्दल मनापासून आभार. मंडळी, तुमच्यासमोर असं भीत भीत कोण गप्प बसलंय?